दादाची फुंकर

संध्याकाळी पाचच्या आत दादाचं वाचन पोचलं नाही, तर पुस्तकवाल्या बाई दुसरा माणूस बघणार होत्या. तसं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून घेतात. दादाचे दोन नमुने परत आले होते. पहिल्यात खोली घुमत होती, म्हणून मी घरातल्या सगळ्या रजया भिंतींवर टांगल्या. दुसऱ्यात घुमणं गेलं, पण आवाज पत्रा खरवडल्यासारखा आला. बाई म्हणाल्या, माइक बदला, तिसरा नमुना शेवटचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एकतीस वर्षं त्याने बसस्थानकावर माइकवरून गाड्या पुकारल्या. मग तिथे आधीच भरून ठेवलेला कुणा बाईचा आवाज लागला आणि दादाला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. निवृत्त होऊन घरी आला, तोवर त्याचं बोलणंच आटलं होतं. मी पडदे शिवत बसायची, तो भिंतीकडे बघत. या वाचनाने माणूस बोलता झाला. एकदा तर आमटीत मीठ कमी आहे म्हणून चक्क भांडला! काय बरं वाटलं मला, सांगू! आता हेही हातचं गेलं तर तो कायमचा मिटेल, याची मला भीती होती.

सकाळीच आम्ही रेकॉर्डिंगवाल्या काकांकडे गेलो. जन्मभर गाणी रेकॉर्ड करून आता ते घरीच यंत्रं दुरुस्त करतात. त्यांनी दोन माइक पुढे ठेवले.

"हा दणकट. जिन्यावरून पडला तरी बोलेल. आणि हा जुना, नाजूक. आत कागदाहून पातळ पट्टी आहे. पण आवाज कसा मऊ करतो बघा."

दादा दोन्हींवर बोलला. नाजूक माइकात त्याचा आवाज असा गोड आला की मी ऐकतच राहिले.

"दणकट घेऊ," दादा म्हणाला. "नाजूक वस्तू माझ्या हातात टिकत नाही."

"तुला कान आहेत की नाही?" मी म्हटलं. काका हसले आणि वापरून बघायला दोन्ही दिले. दादा पिशवी घेऊन खाली उतरला, तसं त्यांनी मला थांबवलं. "त्यांना सांगा, यावर फुंकर मारायची नाही. पट्टी ताणली की कारभार आटोपला."

सांगणारच होते हो! पण रस्त्यात, कोणता माइक लावायचा यावरून आमची जुंपली. "तुझं नेहमी आपलंच घोडं पुढे," तो म्हणाला. झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि घरी आल्यावरही नाही.

एकतीस वर्षं हा माणूस माइक चालू आहे का ते एकाच तऱ्हेने बघत आलाय. दुपारी त्याने शेवटी नाजूक माइकच लावला. मी पडद्याला दुमड घालत होते, तेवढ्यात आतून ऐकू आलं, "फू! फू!"

मी उठून दाराशी गेले, पण बोलायचा धीर होईना. दादा वाचत होता. थांबला, ऐकलं, पुन्हा वाचलं. तीनदा. साडेतीन वाजले. त्याने कानांवरचा हेडफोन काढून माझ्या हातात दिला. मी ऐकलं. आवाज बसका, दबलेला, तोंडावर उशी धरल्यासारखा.

"माझा आवाज गेला गं," तो म्हणाला. "सकाळची ती काकांच्या खोलीची कमाल. यंत्र चांगलं आहे, खोलीही चांगली झाली. आता उरलो मीच."

त्याने बाईंना कळवायला फोन उचलला. मी गप्प बसले असते, तर कुणाला काही कळलं नसतं. जुना माइक, बिघडला, असं म्हणून काकांना परत देता आला असता. पण तो बाईंचा नंबर लावायला लागला.

"दादा, तुझा आवाज नाही गेला. आतली पट्टी गेली. फुंकर मारायची नाही असं काकांनी सांगितलं होतं. मी रागात होते, म्हणून तुला बोलले नाही."

मग तो जो कडाडला! "अक्कल गहाण ठेवली होतीस? तासभर मला वाटत होतं मी संपलो! संपलो! कळतंय तुला?" समोरच्या घरातल्या आजी खिडकीत आल्या. मी रडत होते, आणि सुटल्यासारखं वाटून मध्येच हसूही येत होतं.

"हसतेस काय?"

"ओरड अजून. बोल मला."

तो ओरडला नाही. दणकट माइक स्टँडला लावला, तोंड अगदी जवळ नेलं आणि वाचायला लागला. पाचला दहा कमी असताना नमुना गेला. सहाच्या सुमारास बाईंचा निरोप आला, उद्यापासून पुस्तक सुरू करा. दादाने फोन माझ्यासमोर धरला आणि आत गेला.

दुसऱ्या दिवशी मोडका माइक परत द्यायला तो एकटाच गेला. तिथे काय झालं, ते मला पंधरा दिवसांनी काकांकडे पडदे पोचवायला गेले तेव्हा कळलं.

"मी त्यांना विचारलं, तुमच्या बहिणीला मी बजावलं होतं ना?" काका म्हणाले. "तर म्हणाले, तिने दोनदा सांगितलं हो. माझीच खोड जात नाही."

मला तोंड वर करून काकांकडे बघवेना. पडदे तिथेच ठेवले, पदराने डोळे पुसले आणि खरं काय ते त्यांना सांगायला बसले.