समोरची स्क्रीन

रेणुकादासच्या दुकानासमोर एकतीस वर्षांत सात जणांची डोकी फुटली, एकाचा कान त्याच्या सख्ख्या भावानं दातांनी तोडला आणि एका सुनेला दिरानं केसांना धरून रस्ताभर ओढत नेलं. हे सगळं रेणुकादासनं खुर्चीत बसून पाहिलं. शिरूर अनंतपाळला रजिस्ट्री ऑफिसच्या बरोबर समोर त्याचं दस्तलेखनाचं दुकान होतं. वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, सांगाल ते तो टाइप करून द्यायचा. कान तुटला त्या दिवशी त्यानं पायरीवर दोन बादल्या पाणी ओतलं, शिंतोडे उडालेला कागद फाडून दुसरा प्रिंट काढला आणि डोक्याला टॉवेल बांधलेल्या त्या माणसाची सही घेतली. "भांडण तुमचं, टायपिंग माझं," असं तो म्हणायचा. यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं.

कामात मात्र तो चोख होता. टेबलावर दोन स्क्रीन. एक त्याच्याकडे तोंड करून, दुसरी गिऱ्हाइकांकडे. इकडे जे अक्षर उमटेल तेच तिकडे. समोर बसलेल्या दोन्ही बाजूंनी मसुदा आपल्या डोळ्यांनी वाचायचा आणि मगच प्रिंट निघायचा. त्यामुळे रेणुकादासनं मागून एक ओळ घुसवली असा आरोप त्याच्यावर एकदाही झाला नाही. आणि कुणी एकटं येऊन खासगी काही लिहून मागितलं, तर तो समोरच्या स्क्रीनची वायर मागून उपसून काढायचा. नुसतं बटण बंद करण्यावर त्याचा विश्वास नव्हता. बटण कुणीही दाबतं. वायर हातात घेऊन तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, "हे बघा, काढली," आणि मग लिहायला बसायचा. काम झालं की वायर परत लावायची आणि दोन्ही स्क्रीन पुन्हा एकसारख्या चालू लागायच्या.

मग त्याच्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम बाद झाली. आता तिला अपडेट येणार नाहीत, लोकांचे आधार नंबर तिच्यावर ठेवणं बरं नव्हे, असं त्याची मुलगी श्रद्धा म्हणाली. ती लातूरला कॉलेजात कॉम्प्युटरच शिकवते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिनं एका दुपारी सगळं काढून दुसरी, फुकटातली सिस्टीम टाकली, दोन्ही स्क्रीन एकसारख्या करून दिल्या आणि भाऊबीज आटोपून परत गेली.

चार दिवसांत रेणुकादास रडकुंडीला आला. त्यानं डायरीत तीन तक्रारी लिहून ठेवल्या. एक, समोरच्या स्क्रीनवर कधीकधी नुसतं निळं दिसतं, मसुदा दिसतच नाही. दोन, माऊसचा बाण उजव्या कडेला जातो आणि गायब होतो. तीन, प्रोग्राम उघडायला जावं तर उघडत नाही, दहा वेळा दाबलं तरी नाही. त्यानं माऊस बदलला, कीबोर्ड झटकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. श्रद्धाला फोन केला तर ती वर्गात असायची, आणि रात्री तिचा फोन यायचा तेव्हा हा झोपलेला असायचा. तिसऱ्या तक्रारीसमोर त्यानं पेनानं दोन रेघा ओढल्या होत्या, कारण तिचा त्याला सगळ्यात जास्त राग यायचा. या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

गुरुवारी दुपारी साखराबाई आली. पन्नाशीची, हदगावला दिलेली. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं होतं. ती माहेरी आली आणि वडिलांच्या जमिनीत दोन खोल्या बांधण्यापुरती जागा मागितली. मोठा भाऊ अमृतराव गप्प बसला. धाकट्या भागवतनं तिला अंगणातच थोबाडीत दिली. वडील दगडोबा वारले त्याला वर्ष होत आलं होतं आणि आता दोघा भावांना तिच्याकडून हक्कसोडपत्र हवं होतं. बहिणीनं बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडला असं लिहून द्यायचं, साडीचोळी घ्यायची आणि वाटेला लागायचं. इकडे घरोघर तसंच चालतं.

"उद्या मला घिऊन येनारेत सहीला," ती म्हणाली. तिच्या गालावर अजून चार बोटं दिसत होती. "नाही म्हनलं तर घरीच संपवतील. म्या येते. पर सायबाच्या टेबलापुढं गेले की म्हननार, मला हक्क सोडायचा न्हाई, मला मारून आनलंय. तसा अर्ज करून द्या. तवर त्येंना कळलं तर माझं काही खरं न्हाई."

रेणुकादासनं वायर उपसून तिला दाखवली. मग अर्ज लिहिला, वाचून दाखवला आणि प्रिंट दिला. तिनं कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली. ती गेल्यावर त्यानं वायर जागच्या जागी लावली आणि घरी गेला. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

शुक्रवारी अकरा वाजता तिघं आली. समोरच्या स्क्रीनपुढच्या खुर्च्यांवर भाऊ बसले. साखराबाई मागं भिंतीला टेकून स्टुलावर. हक्कसोडपत्राचा नमुना काढायला रेणुकादासनं लिहिण्याचा प्रोग्राम दाबला. काही उघडलं नाही. पुन्हा दाबलं. नाही. त्याची तिसरी तक्रार, नेमकी आज. तो पुटपुटत दाबत राहिला.

"काका," भागवत म्हणाला, "हे काय उघडलंय?"

"कुठं काय उघडलंय? तेच तर उघडेना."

भागवत स्क्रीनकडे झुकला आणि बोट ठेवून वाचू लागला. "मी, साखराबाई, मयत दगडोबा यांची मुलगी. माझे भाऊ अमृतराव व भागवत यांनी मला मारहाण करून..."

वायर काढून लावली की नवी सिस्टीम समोरच्या स्क्रीनला नवीच स्क्रीन समजायची. मग ती दोन्हींवर एकच चित्र दाखवायची नाही, तर एका टेबलाला दुसरं टेबल जोडावं तशी दोन्ही मिळून एक लांब जागा करायची. बाण उजवीकडे जाऊन हरवायचा तो त्या दुसऱ्या टेबलावर जायचा. उघडत नाही म्हणून जे तो दहा वेळा दाबायचा, ते तिकडं गिऱ्हाइकासमोर उघडलेलं असायचं. आणि प्रोग्राम उघडला की कालचा शेवटचा कागद आपोआप वर यायचा. रेणुकादासला आपल्या स्क्रीनवर निळ्या रंगाशिवाय काही दिसत नव्हतं. भागवतचा चेहरा मात्र दिसत होता, आणि त्याला कळलं.

अमृतराव उठला. त्यानं दाराशी जाऊन शटर खाली ओढलं, गुडघ्यापर्यंत. आत अंधारलं. एकतीस वर्षांत भरदिवसा ते शटर कधी पडलं नव्हतं.

भागवतनं स्क्रीन दोन्ही हातांनी उचलली, वायरीसकट, आणि वळून बहिणीच्या डोक्यात घातली. खालचा लोखंडी पाया तिच्या कपाळावर बसला. ती ओरडली नाही. स्टुलावरून घसरून फरशीवर बसली आणि हात वर केला, तर त्यानं दुसरा घाव त्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज रेणुकादासनं टेबलाच्या या बाजूला ऐकला. काच तिच्या केसांत पडली. मग स्क्रीन टाकून त्यानं लाथा सुरू केल्या. पोटात, बरगडीत, तोंडावर. प्रत्येक लाथेला तो एकेक शब्द बोलत होता, "लिवती. आमच्या. नावानं. लिवती." अमृतराव शटरला पाठ लावून उभा होता आणि घड्याळ बघत होता.

रेणुकादास टेबलाखाली गेला होता. हे लपवण्यात अर्थ नाही. धोतर ओलं झालं. टेबलाखालून त्याला साखराबाईचं तोंड दिसत होतं. ती त्याच्याकडेच बघत होती. शिव्याशाप काही नव्हते तिच्या नजरेत. काल वायर बघताना जसं बघितलं होतं तसंच ती बघत होती. त्याला स्वतःची एवढी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती.

साठ पानांच्या दस्ताला एका दणक्यात भोक पाडणारं बिडाचं पंचिंग मशीन टेबलावर होतं. रेणुकादासनं टेबलाखालून बाहेर येऊन ते उचललं आणि भागवतच्या कानशिलात मारलं. पुन्हा मारलं. कातडी फाटून मानेवर रक्त ओघळलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची पुढं कधी लाजही वाटली नाही. भागवत हेलपाटला, पण तो शेतात राबणारा गडी होता. त्यानं म्हाताऱ्याचा उजवा हात धरून टेबलाच्या उघड्या ड्रॉवरमध्ये घातला आणि ड्रॉवर लाथेनं बंद केला. तीन बोटं मोडली. मग तो पुन्हा बहिणीकडं वळला.

रेणुकादासनं मशीन डाव्या हातात घेतलं आणि शटर बडवायला सुरुवात केली. अमृतरावनं मागून त्याचा गळा आवळला तरी तो बडवत राहिला. पत्र्याचा तो आवाज तहसीलपर्यंत गेला असेल. बाहेर चहावाला माणिकप्पा होता, स्टॅम्पवाले होते, पन्नास माणसं होती. शटर पडताना सगळ्यांनी पाहिलं होतं आणि जो तो आपापल्या जागी उभा होता, कारण भांडण त्यांचं नव्हतं. रेणुकादासकडूनच शिकले होते की ते. शेवटी माणिकप्पानं उकळत्या चहाचं पातेलं खाली ठेवलं आणि शटर वर ढकललं.

साखराबाईच्या डोक्याला लातूरच्या दवाखान्यात बावीस टाके पडले. डावा हात दोन ठिकाणी मोडला होता आणि तीन बरगड्या. एका कानानं तिला आता ऐकू येत नाही. भाऊ आत गेले. अमृतराव नवव्या दिवशी जामिनावर बाहेर आला.

श्रद्धा धावत आली होती. तिनं डायरी वाचली, वायर काढून लावून बघितली, आणि खाली बसली. "बाबा, तीन नाहीत, एकच बिघाड आहे. तुम्ही वायर काढता ना, ती काढायचीच नव्हती." ती हळू बोलली, तरी त्याच्या काळजात घुसलं. जे त्यानं आयुष्यभर लोकांना जपण्यासाठी केलं, त्यानंच ती बाई मरणाच्या दारात गेली. त्यानं लातूरला जाऊन साखराबाईला हे सांगितलं. हात जोडता येत नव्हते, एकात प्लास्टर होतं.

तिनं बरा कान त्याच्याकडं करून सगळं ऐकलं. "तुमच्यामुळंच झालं मग," ती म्हणाली. तो उठला तेव्हा म्हणाली, "अर्जाचा कागद रक्तानं भिजला. दुसरा लागंल."

महिन्यानं ती एकटी दुकानात आली. समोर नवी स्क्रीन होती, श्रद्धानं पुन्हा एकसारखी करून दिलेली. रस्त्यापलीकडं माणिकप्पाच्या टपरीवर अमृतराव दोन गड्यांना घेऊन बसला होता आणि दुकानाकडं बघत होता. रेणुकादासचा हात सवयीनं वायरीकडं गेला.

"राहू द्या," साखराबाई म्हणाली आणि भाऊ बसले होते त्याच खुर्चीवर बसली. "मला बी वाचायचंय. आन त्येला दिसतंय तर दिसू द्या."

तो डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करत राहिला. ती चौथी शिकलेली. ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत ती आपलं नाव, बापाचं नाव, गट नंबर वाचत होती. मारहाणीची ओळ आली तिथं ती थांबली. "शटर कुनी ओढलं ते लिवा." त्यानं लिहिलं.

खाली साक्षीदाराची जागा आली. दस्तलेखकानं साक्षीदार व्हायचं नाही, हा त्यानं स्वतःला घालून घेतलेला नेम. एकतीस वर्षांत त्याचं नाव कागदाच्या तळाला बारीक अक्षरात यायचं, लिहिणारा म्हणून. साखराबाईनं काही मागितलं नाही. ती नुसती त्या रिकाम्या ओळीकडं बघत बसली होती. पलीकडं अमृतराव उठून रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला होता.

रेणुकादासनं त्या ओळीवर आपलं पूर्ण नाव टाइप केलं. मग खुर्ची मागं सारली आणि ते समोरच्या स्क्रीनवर नीट दिसतंय का हे बघायला उठून तिच्या बाजूला गेला.