ओव्हाळसाहेबांचा पक्षी

मी खोटं बोलत नाही. विचारलं तेवढंच सांगते, आणि समोरच्याने नीट विचारलं नाही तर तो त्याचा प्रश्न. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या लॉकडाऊनमध्ये जे झालं त्यावरून आमच्या सोसायटीतले दोन-तीन लोक अजून माझ्याकडे संशयाने बघतात.

वडगाव शेरीत आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि शेजारच्या इमारतीतल्या ओव्हाळांच्या मागच्या खोलीची खिडकी समोरासमोर आहेत. मधे एक बदामाचं झाड. या खिडक्यांतून नंदाताई ओव्हाळ आणि मी इतकी वर्षं बोलत आलोय की आमच्या सिराजच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मार्केट यार्डातल्या मसाल्याच्या गाळ्यावर काय चाललंय हे माझ्याआधी नंदाताईंना कळतं.

नंदाताई खडकीच्या. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामगार. पाळी संपवून घरी येताना ते गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजवायचे, आणि ती ऐकून घरात चहाचं आधण चढायचं. ही शिट्टी त्यांनी मुलांपैकी कोणाला शिकवली असेल, तर नंदाला. भीमजयंतीच्या सकाळी पांढरा सदरा घालून दारात उभे राहायचे आणि जयंतीचं गाणं अख्खं शिट्टीवर वाजवायचे, गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ असलेलं. पुढेपुढे बाप दमला की पोरगी उरलेलं पूर्ण करायची.

मग लग्न झालं. नवरा रतन ओव्हाळ, सरकारी खात्यात कारकून. खात्याच्या परीक्षा देत देत माणूस अधिकारी झाला, त्याबद्दल मला आदरच आहे. सरकारी क्वार्टरमध्ये नवा संसार मांडल्यावर एके दिवशी नंदाताई भाकरी थापताना शिट्टी वाजवत होत्या. ओव्हाळसाहेब आले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "नंदा, इथे सगळे आपल्याकडेच बघत असतात. जरा काही झालं की म्हणतील, बघा, शेवटी वळणावर गेले."

आवाज चढवला नाही की रागावले नाहीत. आणि लोक खरंच बघत होते, त्यामुळे त्यांचं अगदीच चूक होतं असंही म्हणता येत नाही. म्हणून तर मला त्या खिडकीचा जास्त राग येतो. नंदाताईंनी त्या दिवशी शिट्टी सोडली. पुढे दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, बदल्या, सगळ्यांचे डबे. स्वतःच्या खोलीत दार लावून बसण्याइतका वेळ या बाईला अडतीस वर्षांत कोणी दिला नव्हता. तो दिला सरकारने.

झालं असं, की नंदाताई मुलीच्या, कल्याणीच्या, बाळंतपणाला सिंगापूरला गेल्या होत्या. विमानं बंद व्हायच्या तोंडावर परत आल्या. हातावर निळा शिक्का बसला आणि मागच्या खोलीत चौदा दिवस एकटीने राहायचा हुकूम झाला. बाहेर उरले ओव्हाळसाहेब आणि चेतन. चेतन त्यांचा मुलगा, खराडीच्या आयटी कंपनीत. तो आता घरूनच काम करत होता, म्हणजे कानाला हेडफोन लावून सकाळपासून रात्रीपर्यंत "एम आय ऑडिबल?" असं विचारत होता.

पहिल्याच दुपारी नंदाताई खिडकीत आल्या. मला वाटलं, रडवेल्या असतील. बाई नुसती फुलली होती.

"जिनत, जेवण दाराशी येतंय. हातात ताट येतंय गं. करपलेलं आहे, पण येतंय."

तेवढ्यात बाहेरून साहेबांचा आवाज आला, "नंदा, जिरं कुठे असतं?"

नंदाताई खोकल्या. साहेब मागे सरले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. या खोकल्यात केवढी ताकद आहे हे आम्हाला एकाच वेळी कळलं.

साहेबांचंही आपलं चाललं होतं. निवृत्त माणसाला वेळेच्या सदुपयोगाची फार काळजी. त्यांनी योगासनं करून पाहिली, कंबर धरली. मग निरोप समारंभात मिळालेली दुर्बीण कपाटातून काढली आणि पुढच्या बाल्कनीत पक्षी बघायला बसले. तिथून बदामाचं झाड दिसतं, पण मागच्या खोलीची खिडकी दिसत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण सगळी मजा त्यातच आहे.

इकडे नंदाताईंनी शिट्टी पुन्हा धरली. आधी नुसती हवा. पुढचा एक दात नवा बसवलेला, त्याच्या फटीतून सूरच निसटायचा. पण बाई रोज दुपारी, चेतन हेडफोनमध्ये आणि साहेब बाल्कनीत गेले की, खिडकीत उभी. दोन-चार दिवसांत एक बारीक, गोड सूर निघाला, आमच्या भिंतीवर आपटला आणि झाडातून आल्यासारखा साहेबांच्या कानावर गेला.

"जिनतवहिनी," साहेबांनी बाल्कनीतून मला हाक मारली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "तुमच्या बाजूला काही दिसतंय का हो? सुंदर गातंय काहीतरी."

आता बघा, दिसतंय का, असं विचारलं. मला दिसत होतं. नंदाताईंनी पिवळा गाऊन घातला होता आणि न्हाऊन डोक्याला निळा टॉवेल गुंडाळला होता.

"दिसतंय की," मी म्हटलं. "अंग पिवळं आहे. डोक्यावर निळा तुरा."

साहेबांनी ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. लोकांना तेव्हा दुसरा उद्योग नव्हता. रस्ते मोकळे झाल्यामुळे दुर्मीळ पक्षी शहरात परतले आहेत, यावर सर्वांचं एकमत झालं. पक्षी कोणता, यावर मात्र कोणाचंच होईना. मूळचे पेठेतले एक गृहस्थ म्हणाले, हे पक्षी आमच्याकडे पूर्वी पुष्कळ होते, आता तो दर्जा राहिला नाही. पक्ष्यांचा की पेठेचा, हे त्यांनी लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी परत विचारलं तेव्हा गाऊन हिरवा होता. मी हिरवा सांगितला. साहेबांनी जाहीर केलं की जोडी आहे.

चेतनने बापाखातर आवाज रेकॉर्ड करून पक्षी ओळखणाऱ्या अॅपला दिला. अॅपने उत्तर दिलं, मानवी आवाज.

"बाबा, हे अॅप फालतू आहे," चेतन म्हणाला आणि त्याला एक स्टार देऊन मोकळा झाला.

चौदा दिवस संपत आले. नंदाताई खिडकीत आल्या त्या तोंड पाडून. गाणं निम्मं जमलं होतं. मधली उंच जागा आली की सूर फाटायचा.

"जयंती जवळ आलीय जिनत. यंदा मिरवणूक नाही की काही नाही. वडील वाजवायचे तसं मला एकदा पूर्ण वाजवायचंय. बाहेर गेले की संपलं. पुन्हा जिरं कुठे आणि मोहरी कुठे. आणि यांच्या समोर तर..."

मग त्या खोकल्या. चांगल्या पोटातून खोकल्या. फॅमिली डॉक्टरांनी फोनवर विचारपूस केली आणि म्हणाले, धोका नको, अजून थोडे दिवस आतच राहू द्या.

इथपर्यंत मला हसू येत होतं. पण त्या संध्याकाळी ओव्हाळसाहेब बाल्कनीत दुर्बीण मांडीवर ठेवून नुसते बसलेले दिसले. झाडात कावळा होता, त्याच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"वहिनी, तुमची खिडकी समोर आहे," ते म्हणाले. "खोकला वाढलाय का हो तिचा? मी दाराशी उभा राहून ऐकतो. ती काही सांगत नाही."

"वाढलेला नाही," मी म्हटलं. हे खरंच होतं. पण रात्रीच्या पोळ्या करताना मी नंदाताईंना खिडकीतून झाडलं. "माणूस वाळत चाललाय तिकडे. पुरे करा."

नंदाताई म्हणाल्या, "जयंतीपर्यंत. मग मी स्वतः सांगेन. जे बोलतील ते ऐकून घेईन." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खोकणं कमी केलं. जिरं मात्र विचारलं की थोडं खोकायच्या.

जयंतीची सकाळ उजाडली. दरवर्षी त्या दिवशी आमच्या मागच्या रस्त्याला पाय ठेवायला जागा नसते. यंदा कुत्रंसुद्धा नव्हतं. ओव्हाळांच्या हॉलमध्ये साहेबांनी आणि चेतनने तसबिरीला हार घातला, मेणबत्त्या लावल्या, वंदना म्हटली. नंदाताई बंद दाराच्या आतून त्यांच्याबरोबर म्हणत होत्या. त्याआधी साहेबांनी नंदाताईंची पांढरी साडी, निळ्या किनारीची, स्वतः इस्त्री करून दाराबाहेर खुर्चीवर ठेवली होती. इस्त्री करताना पदर जरा पिवळा झाला होता, पण केली होती.

नंतर साहेब बाल्कनीत आले. पांढरा सदरा, गळ्यात दुर्बीण. सवयच झाली होती. आणि मागच्या खिडकीतून नंदाताईंनी सुरुवात केली.

पहिली ओळ झाली तशी समोरच्या इमारतीची एक खिडकी उघडली. मग आणखी एक. उंच जागा आली. मी गॅलरीत हातातलं कांद्याचं टोपलं घट्ट धरलं. सूर थरथरला, पण फाटला नाही. वर चढला आणि नीट खाली उतरला.

"वहिनी," ओव्हाळसाहेबांनी अगदी हळू हाक मारली. दुर्बीण त्यांनी डोळ्याला लावलीच नव्हती. "आज रंग कोणता आहे?"

"पांढराशुभ्र," मी म्हटलं. "कडेने निळी रेघ. आणि पदरापाशी जरासा करपल्यासारखा."

साहेबांनी त्याच इस्त्रीखालून निघालेल्या स्वतःच्या पांढऱ्या बाहीकडे पाहिलं. मग ते आत गेले. मी धावत स्वयंपाकघरात आले. कोणी काही म्हणो, दोन्ही खिडक्या उघड्या होत्या, मला ऐकू येणारच.

दारावर टकटक झाली. शिट्टी मधेच तुटली. नंदाताई सवयीने खोकल्या.

"आता खोकू नको," साहेब दाराबाहेरून म्हणाले. "तुला बरं आहे ना? तेवढंच सांग."

"बरं आहे," नंदाताई म्हणाल्या. "पहिल्यापासूनच बरं होतं. चुकलं माझं."

बाहेर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. साहेब बसले असावेत. नंदाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या, नव्या नवरीसारख्या घाबरून. साठीची बाई. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"खिडकी उघडी आहे का?" साहेबांनी विचारलं.

"लावते," नंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"नको. उघडीच राहू दे. शेवटचं कडवं राहिलंय, ते घे. लोक थांबलेत."

नंदाताईंनी ओठांचा चंबू केला. पण हसताना शिट्टी वाजत नाही, आणि त्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. दोनदा नुसती हवा निघाली. तिसऱ्यांदा जमलं. शेवटचं कडवं त्यांनी दोनदा वाजवलं. समोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि एरवी वाहनांनी भरलेल्या त्या रस्त्यावर त्या फार मोठ्या वाटल्या.

थोड्या वेळाने सोसायटीच्या ग्रुपवर ओव्हाळसाहेबांचा मेसेज आला. जन्मभर खात्याची पत्रं लिहिलेला माणूस, त्याच भाषेत लिहिलं होतं:

'सदर पक्ष्याची ओळख पटली आहे. मादी आहे. गेली अडतीस वर्षे आमच्याच घरी वास्तव्यास आहे. गाणे बंद असण्यास आम्हीच कारणीभूत होतो. ते आजपासून सुरू झाले असून दुपारच्या झोपेबाबत कोणाचीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही.'

पेठेतल्या त्या गृहस्थांनी विचारलं, नक्की रंग कोणता म्हणायचा, पिवळा की हिरवा?

मी लिहिलं, रोज वेगळा.