मामांच्या मानेतला वेग

वाहतूक पोलिसाला सगळं जगच मामा म्हणतं. पण आमच्या शेजारच्या मामांना त्यांची बायकोही चिडली की मामाच म्हणायची. निवृत्तीआधीची अकरा वर्षं त्यांनी पुलाच्या उतारावर हातात स्पीड गन घेऊन काढली. समोरून गाडी दिसली की गन रोखायच्या आधीच वेगाचा आकडा सांगायचे, आणि तो दोन-चारच्या फरकानं बरोबर निघायचा.

एका सकाळी शर्टाची बटणं लावताना त्यांचा डावा हात ऐकेना. पाच मिनिटांत बोटं हलायला लागली, तसे मामा "अवघडला असेल" म्हणून मोकळे झाले. पण मामी कसल्या सोडतात! त्यांनी दवाखाना गाठायलाच लावला. डॉक्टरांनी मानेतल्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीची डॉपलर सोनोग्राफी सांगितली.

तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी मानेला गार जेल लावून प्रोब टेकवला. खोलीभर हुश्श-हुश्श आवाज घुमला.

"काय मोजताय?" मामांनी विचारलं.

"रक्ताचा वेग. धमनी जिथं अरुंद, तिथं रक्त जोरात पळतं."

"म्हणजे स्पीड गनच की!" मामा उठूनच बसले.

"काका, आडवे व्हा. आणि बोलू नका."

"एवढंच सांगा, किती?"

"सेकंदाला एकशे नव्वद सेंटीमीटर. मध्यम अडथळा दिसतोय."

"कोन किती धरलात? आम्ही रस्त्याच्या फार कडेला उभे राहिलो, की गन कमी आकडा दाखवायची. सुसाट आलेले साळसूदपणे सुटून जायचे."

बाई हसल्या, पण त्यांनी पडद्याकडे पुन्हा निरखून पाहिलं. धमनी नेमकी त्याच जागी वळत होती, आणि पडद्यावरची कोन धरायची रेघ मात्र वळणाआधीच्याच दिशेला होती. त्यांनी ती रक्ताच्या प्रवाहाला समांतर केली. आकडा दोनशे सत्तरवर गेला. तीनदा मोजून पाहिलं; फरक पडेना.

"बरं झालं विचारलंत. अडथळा मध्यम नाही, मोठा आहे," बाई हळूच म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

आठवड्याच्या आत मामांची शस्त्रक्रिया झाली. आत नेताना त्यांनी मामींचं मनगट घट्ट धरलं होतं. धमनी साफ झाली, टाकेही सुकले.

महिन्यानं फेरतपासणीत वेग ऐंशी निघाला. ते ऐकून इतके दिवस कंबर कसून उभ्या असलेल्या मामी बाहेरच्या बाकावर मटकन बसल्या आणि मनसोक्त रडल्या. मामा घाबरून पाणी आणायला पळाले.

"अहो, पळू नका!" मामी रडता रडताच ओरडल्या.