पेन्सिलीची कार्डं

कॉलेजच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीमागे एकतीस वर्षं बसलेल्या या गृहस्थांना सगळे कोशबुवा म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, टवाळी जास्त असे. खूळच तसं होतं. एका लेखकानं सात जाडजूड कादंबऱ्यांत कुठंच नसलेला एक देश उभा केला आणि तिथल्या माणसांच्या तोंडी तीन भाषा घातल्या. वाचक कादंबरी वाचतात, मिटतात, जेवायला बसतात. कोशबुवांनी त्या भाषांचा कोश करायला घेतला. घरच्यांनी कपाळावर हात मारला. "मेलेल्या भाषांचे कोश असतात हे ऐकून होतो," त्यांचा मेव्हणा म्हणायचा, "न जन्मलेल्यांचा पहिल्यांदाच बघतोय."

पण काम पक्कं होतं. ग्रंथालयात कॉम्प्युटर आला तेव्हा पुस्तकांच्या यादीची जुनी कार्डं रद्दीत निघाली; ती बुवांनी उचलली आणि पाठकोऱ्या बाजूवर एकेक शब्द लिहिला. लेखक गेल्यावर त्याच्या मुलीनं सुट्या कागदांचं एक पेटाडं त्यांना वर्षभर वापरायला दिलं होतं. त्यात कादंबऱ्यांत कधीच न आलेले शब्द होते. जो शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो शाईनं लिहायचा; जो लेखकानं लिहिला नाही, पण त्या शब्दाच्या भावंडांवरून असाच असणार असा बांधता येतो, तो पेन्सिलीनं. त्या कागदांना ना पानांचे आकडे ना तारखा, म्हणून शाई की पेन्सिल, खूण एवढीच. पेटाडं परत गेलं आणि दोन वर्षांत त्या घरातली पाण्याची टाकी फुटून त्याचा लगदा झाला. मग जगात उरली ती बुवांची चार हजार कार्डं.

एवढ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. त्या लेखकाचे शब्द उचलून पुढच्या पिढीनं काय काय लिहिलं, यावर तिथं अभ्यास चालला होता, आणि त्यांना हा कोश छापायचा होता. एक प्राध्यापक बाई कार्डं तपासायला येणार होत्या. बुवांना आयुष्यात पहिल्यांदाच आपण शहाणे असल्याचा संशय आला.

आणि नेमका डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी पालथं झोपायला लावलं, वाचन बंद. दीड महिन्यानं भिंग घेऊन त्यांनी पहिला खण उघडला, तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहिली. तिचा चेहरा खुलला होता.

"बघा तरी! सगळं फिकं पडलं होतं हो. म्हटलं, तुम्ही पालथे पडलात तोवर आपणही काहीतरी करावं."

प्रत्येक कार्डावर काळीभोर, ठसठशीत शाई होती. "पेन्सिलीची कार्डं कुठं आहेत?" बुवांनी विचारलं.

"पेन्सिल ठेवलीच नाही मी. अक्षरावर अक्षर गिरवलं, वाळल्यावर रबर फिरवलं. तुमची जुनी शाईही उडाली होती, तीही गिरवली. एक काना इकडचा तिकडं केला नाही!"

त्यांना ओरडावंसं वाटलं. पण जन्मभर या कार्डांना 'सवत' म्हणणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच त्यांना हात लावला होता, आणि तिच्या बोटाला पेन धरून घट्टा पडला होता. "छान झालंय," ते म्हणाले.

पुढचे चार दिवस ते कार्डं चाचपत बसले. कादंबऱ्यांतले नऊशे शब्द वेगळे निघाले, ते कुणालाही पडताळता आले असते. बाकीचे तीन हजार हातात घेतले की आपलेच वाटायचे, आणि लेखकाचेही. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर सख्खं कोण आणि मानलेलं कोण हे कळेनासं होतं.

विद्यापीठाच्या बाई आल्या. भल्या होत्या. एक कार्ड उचलून म्हणाल्या, "तुमच्याकडून ऐकून यावर तर तीन कवींनी लिहिलंय. काका, हा शब्द लेखकाचाच ना?"

'हो' म्हटलं असतं तर खोडून काढणारं कुणीही उरलं नव्हतं. "सांगता येत नाही," बुवा म्हणाले.

"आणि हा?"

"याचंही नाही सांगता येत."

"पण तुम्ही काहीतरी खूण ठेवली असेल ना?"

दारात बायको उभी होती आणि मोठ्या उत्सुकतेनं ऐकत होती. बुवांनी तिच्याकडे पाहिलं. "नाही ठेवली," ते म्हणाले. "राहूनच गेलं. वेंधळेपणा माझा."

बाईंनी कार्ड जागच्या जागी ठेवलं. "मग हा कोश नव्हे, काका. ही आठवी कादंबरी झाली," त्या हळूच म्हणाल्या आणि पाणीही न घेता उठल्या.

त्या फाटकाबाहेर गेल्याबरोबर बायको आत आली. "शेवटी हळूच काय म्हणाल्या? वाचता आलं ना त्यांना?"

"आलं. एकदम स्वच्छ आहे म्हणाल्या."

"बघा! आता खालचा एकच खण राहिलाय, दीडशेक कार्डं असतील. तेवढा आज करून टाकू?"

तो खण गिरवायचा राहिलाय याचा बुवांना पत्ताच नव्हता; चार दिवसांत ते तिथवर पोचलेच नव्हते. त्यांनी तो ओढला. आत शाईची कार्डं शाईची होती, पेन्सिलीची पेन्सिलीची. दीडशे कार्डांचा कोश होत नाही. त्यांनी भिंगातून एक-दोन शब्द वाचले, आणि बायको बसू शकेल अशी खुर्ची पुढं ओढली.

"कर," ते म्हणाले. "मी धरून देतो एकेक."