काळ्या आणि घोंगड्यातला जावई

कुत्री माझ्यावर जीव टाकतात, असं मी लग्न झाल्यापासून सुमनला सांगत आलो होतो. (तोवर आमच्याकडे एकही कुत्रं आलं नव्हतं.) हे ऐकून ऐकून कंटाळलेल्या माझ्या सासऱ्यांनी नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात दहिवडीहून काळ्याला थेट माधवनगरला आमच्या दारात आणून बांधलं.

काळ्याचं सगळं आयुष्य धनगराच्या मेंढरांमागं गेलेलं. पँट-शर्टातला सूतगिरणीचा कारकून त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा, आणि तो त्याला मुळीच आवडला नाही.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "ऐतवारी परत येतो. तुमच्या हाताला आला तर ठिवा, न्हाई तर घिऊन जातो." हे बोलताना ते कुत्र्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते. सासुरवाडीतली माझी सगळी अब्रू आता त्या चार पायांवर उभी होती!

मी दूध दिलं, मटणाचं हाड दिलं. त्याला आपुलकी वाटावी म्हणून अंगणात चार पायांवर चाललो. (शेजारच्या काकूंनी सुमनकडे माझ्या कंबरेची चौकशी केली.) काळ्या नुसता गुरगुरायचा. सुमनने मात्र "खा गुमान" म्हणून शिळी भाकरी टाकली, ती त्याने शेपूट हलवत संपवली. मला ते फार लागलं.

मग मला युक्ती सुचली. सासऱ्यांनीच आहेरात दिलेलं घोंगडं पेटीतून काढलं आणि भर मे महिन्यात अंगावर घेतलं. काळ्या धावत आला आणि त्याने चक्क माझा हात चाटला! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं प्रेमाने, अर्धं घोंगडं अंगाला टोचल्यामुळे.

अडचण एवढीच, की विश्वास घोंगड्यावर होता. मी गिरणीतून घरी आलो की काळ्या फाटकात आडवा. मग सुमन कुंपणावरून घोंगडं फेकायची, मी ते रस्त्यावर पांघरायचो आणि स्वतःच्या घरात शिरायचो.

शनिवारी संध्याकाळी मी घोंगडं घेऊन त्याला ऐटीत मैदानावर नेलं आणि एका दगडावर बसलो. काळ्याने पाहिलं: माळ आहे, घोंगडं आहे, मेंढरं तेवढी पांगलीत. तो कामाला लागला! फिरायला आलेल्या बायका, निवृत्त पोस्टमास्तर, आमचे मॅनेजरसाहेब आणि त्यांची मिसेस, सगळ्यांना त्याने हाकत हाकत आणून माझ्याभोवती गोळा केलं.

"हे कुत्रं तुमचं आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. जरा बसून घ्या. बसलं की तो काही करत नाही."

साहेब गवतात बसले. मिसेसही बसल्या.

कुणीतरी बोलावल्यामुळे सुमन धावत आली आणि तिने आधी माझं घोंगडं ओढून काढलं. काळ्या गोंधळला, तेवढ्यात सगळा कळप पळाला. उरलो मी एकटा, पँट-शर्टात. आता हा मला फाडणार म्हणून मी डोळे मिटले. पण काळ्याने माझ्या पोटरीला नाक लावलं, हलकेच ढकललं आणि मला मागून हाकत घरापर्यंत आणलं. मी फाटकातून आत जाईपर्यंत तो बाहेर उभा होता. एकदाही गुरगुरला नाही.

रविवारी सासरे आले. मी बिनघोंगड्याचा अंगणात उभा राहिलो आणि छाती काढून हाक मारली. काळ्या आला, माझ्या मागे गेला आणि त्याने मला ढकलत ढकलत ओसरीवर सुमनशेजारी नेऊन उभं केलं.

"बघा, मामा," मी म्हणालो, "बसला की नाही विश्वास?"

सासऱ्यांनी हसून हसून डोळे पुसले.

"व्हय, लय बसला. कुत्रं ऱ्हाऊ दे हितंच." मग ते लेकीकडे वळले. "सुमे, आता निवांत ऱ्हा. जावईबापूंना त्यानं कळपात घेतलंय. मेंढरू म्हणून."

मी आनंदाने मान डोलावली. सुमन म्हणते, अगदी मेंढरं डोलावतात तशीच.