आठ खांबांचे साडू

कॅनडातल्या व्हिटबीत घर घेऊन रशियात नांदणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. आमचे थोरले साडू मूळचे नागपूरचे. ऐन तारुण्यात शिष्यवृत्ती मिळवून ते स्थापत्य शिकायला रशियात गेले, शिकले, परतले, लग्न केलं, कॅनडात आले, निवृत्तही झाले; पण त्यांचं मन तिथल्या एका जुन्या थिएटरच्या पायऱ्यांवर जे बसलं, ते काही उठायला तयार नाही. पिवळ्या भिंती, पुढे आठ पांढरे खांब, खांबांवर तुळई, तिच्यावर त्रिकोणी कपाळ आणि सगळ्यांत वर चार घोड्यांचा रथ. हे वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की उद्या त्या गावात डोळे बांधून सोडलं तरी मी थेट तिकीटखिडकीशी जाऊन उभा राहीन.

साडूंना खांब दिसला की ते बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतात. ओकव्हिलला एका स्नेह्यांची वास्तुशांत होती. बंगला केवढा तरी, दारात दोन उंच पांढरे खांब. सगळे जण आत शिरले, साडू बाहेरच. टकटक करून त्यांनी जाहीर केलं, "पोकळ आहे हो! हा भार घेत नाही. नुसता पाहुण्यासारखा उभा आहे." यजमान हसून म्हणाले, "अंकल, ते जस्ट डेकोरेटिव्ह आहेत." "डेकोरेटिव्ह? उद्या पायही डेकोरेटिव्ह लावाल!" त्यानंतर ओकव्हिलहून आम्हाला कुणी बोलावलेलं नाही. माझी बायको अजून त्या मसालेभातासाठी हळहळते.

त्यांच्या घरी जायचं तर दुसरी परीक्षा. अंगात जॅकेट असताना बैठकीच्या खोलीत पाऊल टाकायची सोय नाही. दारातच ते जॅकेट काढून घेतात, हातात नंबराचा एक लाकडी बिल्ला देतात आणि जॅकेट बेसमेंटमधे नेऊन टांगतात. रशियन थिएटरात ओव्हरकोट आत नेऊ देत नाहीत म्हणे. गेल्या दिवाळीत बिल्ल्यांची अशी काही सरमिसळ झाली की मी कुणा बाईच्या लाल कोटात गाडी चालवत घरी आलो. ह्या खुळामागची गोष्ट मात्र त्यांनी एकदा सांगितली. पहिल्याच हिवाळ्यात घरच्या आठवणीने जीव इतका कासावीस झाला, की शिक्षण सोडून परत जायचं ठरवून ते बर्फातून निघाले आणि थंडी सोसेना म्हणून त्या आठ खांबांच्या आडोशाला उभे राहिले. कोट सांभाळणाऱ्या म्हातारीने त्यांना ओढून आत नेलं, कोट काढून घेतला, हातात बिल्ला ठेवला. आता कोटाशिवाय जाणार कुठे? नाटकातलं अक्षरही कळलं नाही, पण ते संपेस्तोवर परत जायचा विचार मावळला होता.

अशा माणसाच्या घरच्या गणपतीचं मखर कसलं असणार? दरवर्षी तेच थिएटर. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, मोदक वळता वळता दरवर्षी विचारते, "एकदा तरी साधं कमळ करा की हो!" पण साडू ढिम्म. यंदा तर थर्माकोललाही रजा मिळाली. खांब भरीव लाकडाचे, वरचे घोडे सिमेंटचे. "यंदा खांब खरोखर भार घेतील," ते म्हणाले. पेणहून आलेली मूर्ती ताईने आदल्या दिवशीच चेहरा झाकून चौरंगावर ठेवली होती. साडूंनी तिच्याभोवती खांब उभे केले. "आधी देव, मग देऊळ," असंही वर ऐकवलं.

पाच दिवस मजेत गेले. विसर्जनाच्या दिवशी गॅरेजमधे टब भरून ठेवला, उत्तरपूजा झाली, "मोरया"चा गजर झाला आणि मूर्ती उचलायचा मान धाकटा साडू म्हणून मला मिळाला. मी सरळ धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. बाप्पा दोन खांबांमधून बाहेर येईनात. मागे आणि बाजूंना भिंती, वर सिमेंटचे घोडे. गजर हळूहळू थांबला.

"दोन खांबांतलं अंतर जाडीच्या सव्वादोन पट," साडू पुटपुटले. "तिकडे तेवढंच आहे."

किचनर गावाहून आलेली त्यांची लेक म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट मेझर द गणपती?"

"देवाचं माप कुणी घेतं का?"

"देन जस्ट कट वन कॉलम!"

"कापला तर वरचं सगळं मूर्तीवर येईल गं."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. मूर्ती भंगली तर? डोळे पुसत ती एवढंच म्हणाली, "बाप्पाला काही झालं, तर ह्या घरात तुमचं थेटर पुन्हा उभं राहायचं नाही." साडूंचा चेहरा एवढासा झाला. ते तडक गॅरेजमधे गेले आणि विंटर टायर बदलायचे दोन जॅक घेऊन आले. त्यातला एक माझ्या गाडीतला; तो त्यांनी कधी आणवला मला कळलं नाही. फळ्या रचून त्यांनी जॅक तुळईखाली लावले आणि ती केसभर वर उचलली. एक घोडा डुगडुगला. ताई त्याच्याखाली पदर पसरून उभी राहिली. साडूंनी स्वतःचा खांदाही तुळईला लावला. "धाकटे, घ्या आता."

मी मधल्या दोन खांबांपैकी एक ओढून काढला. बाप्पाला छातीशी धरून, श्वास रोखून, तिरका होत बाहेर आलो. मुकुटाला ओरखडाही नाही! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. असा मोरयाचा गजर झाला की शेजारचा म्हातारा दार उघडून बघायला आला, आणि त्यालाही आम्ही मोदक खायला घातले.

विसर्जन करून आत परत आलो तेव्हा जॅक तसेच ठेवून साडू कार्पेटवर बसले होते. हातात काढलेला खांब. पुन्हा बसवायच्या बेतात होते. ताई मागून आली.

"राहू दे तो. पुढल्या वर्षीही तिथं जागा मोकळी ठेवा."

"पुढल्या वर्षी?" साडूंनी मान वर केली. "म्हणजे करायचं ना? पण मग प्रमाण बिघडेल."

"बिघडू दे."

"बरं."

खांबाच्या बाबतीत हा माणूस "बरं" म्हणालेला मी आयुष्यात ऐकला नव्हता. मला हसू आलं आणि फार बरंही वाटलं. ताई आत गेल्यावर ते खांबावरून हात फिरवत म्हणाले, "तिकडचं आता बघणं होत नाही हो, धाकटे. जाणं अवघड, गुडघेही गेले. हेच काय ते बघायचं." मी त्यांच्याशेजारी कार्पेटवर बसलो, आणि आम्ही दोघं ते उरलेले सात खांब बराच वेळ बघत राहिलो.