बुधामावशीची हरकत

बुधामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळेगावला बँकेत हयातीच्या दाखल्याच्या रांगेत उभा होतो. तिच्या मुलाचा, लक्ष्मणचा फोन. "भाऊसाहेब, आय गेली सकाळी," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. खिडकीपलीकडची मुलगी "काका, आधार कार्ड आणलंय ना?" असं दोनदा विचारून वैतागली. मी जिवंत असल्याचं कागदावर सिद्ध केलं, पावती खिशात घातली आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो. पेन्शन चालू राहणार होती. ज्या नोकरीची ही पेन्शन, त्या नोकरीत मी या बाईचं जे नुकसान केलं ते काही कोणत्या पावतीवर येत नाही.

मी ग्रामसेवक होतो. खेड्यात ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात, मग तो कसाही असो. माझ्याकडे मावळातली एक गट ग्रामपंचायत होती. खाली मोठं गाव, भातखाचरांचं, आणि वर डोंगराच्या पोटाशी ठाकरांची वाडी. गावाचं नाव लिहीत नाही. नाव वाचून तिथले चार जण माझ्यावर चिडतील आणि बाकीच्या गावांना वाटेल, आपण त्यातले नाही. बुधामावशी त्या वाडीची. उन्हाळ्यात करवंदं, जांभळं, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं असल्या रानभाज्या पाटीत भरून ती लोणावळ्याच्या बाजारात आणि कधी खंडाळ्याला, जिथं पर्यटक दरीचे फोटो काढत उभे असतात तिथं विकायला बसायची. अंगानं काटकी, आवाज घोगरा. नवरा लवकर गेलेला. वाडीत तिचा शब्द चाले, पण तो ती फार खर्च करत नसे. तिची सगळी पाटी भरायची ती वाडीमागच्या डोंगरावर, आणि वाडीचं पाणीही त्याच डोंगरातल्या झऱ्याचं. गावाच्या लेखी मात्र तो डोंगर म्हणजे गायरान. सातबाऱ्यावर झरा नव्हता, करवंदीच्या जाळ्या नव्हत्या आणि ठाकर तर नव्हतेच.

त्या डोंगरावर खडीची खाण काढायचा अर्ज आला. रस्ते रुंद व्हायचे होते, लोणावळ्यात बंगल्यांवर बंगले चढत होते, खडी कुठून तरी यायलाच हवी होती. ग्रामसभेचा ना-हरकत ठराव लागणार म्हणून सभा लावली. एरवी कोरमसाठी माणसं गोळा करताना माझ्या नाकी नऊ यायचे, त्या दिवशी अख्खी वाडी खाली आली. मला वाटलं, व्वा, जागृती झाली! खाणवाल्यानं सगळ्यांना चहा सांगितला होता. त्याचा माणूस चांगला अर्धा तास बोलला... रोजगार, रस्ता, शाळेला पत्रे. मग सरपंचांनी विचारलं, कुणाची काही हरकत? गावातले गप्प, वाडीतलेही गप्प. ठाकर बायाबापड्या जमिनीकडे बघत बसलेल्या, पुढ्यातले चहाचे कप तसेच, साय धरलेली. मी तर सभा संपल्यावर शिपायाला म्हणालोही, "चहा किती वाया घालवतात रे ही माणसं!" आणि त्यातला एक कप स्वतः उचलून प्यालो. मग टेबलावर बसून इतिवृत्तात माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कोणीही हरकत न घेतल्याने ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सही, शिक्का.

पहिला सुरुंग उडाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बुधामावशी ऑफिसात आली. पाटी दाराबाहेर ठेवली, आत येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"भाऊसाहेब, आमी न्हाई म्हनलो व्हतो. तरी डोंगर कसा काय फोडत्यात?"

"मावशी, तुम्ही कधी नाही म्हणालात? मी होतो की तिथं. कुणी अवाक्षर काढलं नाही."

साधी गोष्ट न कळणाऱ्या लहान मुलाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. "चहा घेतला व्हता का आमी?"

मग तिनंच समजावलं. वाडीत कुणी पोरीला मागणी घालायला आलं आणि द्यायची नसली, तर तोंडावर नाही म्हणत नाहीत. दारात आलेल्या माणसाचा तो अपमान. घरातला मोठा माणूस गप्प बसतो आणि पाहुण्यानं पुढं केलेली तंबाखू, सुपारी, काही म्हणजे काही हातात घेत नाही. पाहुणा समजतो, पाणी पिऊन उठतो. पुढच्या बाजारात दोघं पुन्हा हसून बोलतात. "अख्खी वाडी आली, येकानंबी कपाला हात न्हाई लावला. आनकी किती मोट्यानं सांगायचं व्हतं?"

मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. एवढी वर्षं त्या वाडीची घरपट्टी वसूल केली, जन्ममृत्यूच्या नोंदी केल्या, आणि ही माणसं नकार कसा देतात हे मला माहीत नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं. मी वर पत्र लिहिलं, ठरावाचा फेरविचार व्हावा म्हणून. साहेबांनी बोलावून घेतलं. "चहा न पिणं ही हरकत कोणत्या नियमात बसते, ते जरा दाखवा," म्हणाले. बाजूचे दोघे कारकून खो खो हसले. मी आंबेगाव-जुन्नरकडचं उदाहरण दिलं. तिकडच्या आदिवासी गावांना वेगळा कायदा आहे, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय खडीसुद्धा काढता येत नाही. साहेब म्हणाले, "मावळ त्या यादीत नाही." म्हणजे तोच सह्याद्री, तेच ठाकर, बुधामावशीची सख्खी बहीण तिकडे दिलेली. बहिणीला विचारायचं आणि हिला विचारायचं नाही! याचा राग मला आजही येतो, आणि तो कुणावर काढायचा हे आजही कळत नाही.

पुढे मी निवृत्त झालो. खाणीला आणखी जागा हवी असल्याचं कळलं, या वेळी पार झऱ्यापर्यंत. बुधामावशी पत्ता विचारत तळेगावला माझ्या घरी आली. "तुमच्या कागदाला कळंल आसं बोलाया शिकवा," म्हणाली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिच्याकडून पाठ करून घेतलं, 'माझी या ठरावाला हरकत आहे, तशी नोंद घ्यावी.' आमच्या ओसरीत बसून तिनं ते वीसेक वेळा म्हटलं. पहिल्यांदा म्हणताना ती लाजली. कुणाच्या तोंडावर असं बोलायचं म्हणजे तिला शिवी दिल्यासारखं वाटत होतं. मग सराव तिनं बाजारात केला. लोणावळ्यात एका गाडीवाल्यानं करवंदांचा भाव पाडून मागितला तर ही त्याला म्हणाली, "माजी हरकत हाय, नोंद घ्या!" तो बिचारा गोंधळून पूर्ण पैसे देऊन गेला. हे मला सांगताना पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

त्या ग्रामसभेला मी गेलो. मतदार नव्हतो म्हणून दारात उभा राहिलो. सरपंचांनी हरकत विचारली. बुधामावशी उठली आणि एक शब्द न चुकता, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं बोलली. नव्या ग्रामसेवकानं मान वर करून पाहिलं, लिहिलं आणि विचारलं, "आणखी कुणाची?"

वाडी गप्प.

मी दारातून खुणा करतोय, उठा, बोला, एकेक जण बोला... लक्ष्मण अर्धवट उठला आणि आईकडे बघून पुन्हा खाली बसला. बुधामावशीला काही कळेना. "आनकी कुनाची म्हंजी? मी बोलले की. मी बोलले म्हंजी वाडी बोलली." गावाकडच्या बाजूला हशा पिकला. मग ठरावाच्या बाजूनं असतील त्यांना हात वर करायला सांगितले. गावातल्या निम्म्या घरांचे डंपर खाणीवर लागलेले, हात भराभर वर गेले. इतिवृत्तात आलं, 'एका महिलेने हरकत नोंदवली. ठराव बहुमताने मंजूर.'

लक्ष्मणला मी बाहेर गाठला आणि वाटेल ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "आय बोलल्यावं मी कसा बोलू, भाऊसाहेब? तिचा सबूद खाली पडतो." वाडीतल्या मोठ्या माणसानं वाडीच्या वतीनं सांगितल्यावर पुन्हा तेच कुणी बोललं, तर त्याचा अर्थ पहिल्याच्या शब्दावर भरवसा नाही, असा होतो. हेही मला माहीत नव्हतं. मी तिला वाक्य शिकवलं, पण आपल्याकडे डोकी मोजतात हे शिकवायचं राहिलं. पहिल्या वेळी सगळे गप्प राहिले तर तो सगळ्यांचा होकार धरला. दुसऱ्या वेळी एकीनं सगळ्यांचा नकार सांगितला तर तो एकटीचा धरला. या माणसांनी नेमकं काय केलं असतं म्हणजे आपल्याला ऐकू आलं असतं? मी हा प्रश्न अर्जात लिहिला, कलेक्टर कचेरीत दिला, त्यावर आवक क्रमांक पडला. उत्तर नाही.

शेवटची भेट पावसाळा सरता सरता झाली. दमा वाढला होता, बाजार सुटला होता. खाटेवर बसून होती. मी म्हटलं, मावशी, आपण पुन्हा अर्ज करू. ती म्हणाली, "करा. तुमाला आवडतंय लिवायला." मग माझं तोंड पडलेलं पाहून तिनंच सावरलं, "तुमी वंगाळ न्हाई, भाऊसाहेब. तुमाला आमचं बोलनं ऐकू येत न्हाई, येवडंच." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहाव्याला मी वाडीवर गेलो. विधी उरकले होते, बायका भाकरी थापत होत्या. तिच्या घरात मी भिंतीला टेकून बसलो होतो. भर दुपारी खाणीचा भोंगा वाजला. कुणी कुणाला काही म्हटलं नाही. तिची सून पारू उठली आणि फळीवरची भांडी एकेक करून खाली घ्यायला लागली. पितळ्या, तांबे, कपबशा, चटणीची बरणी, सगळं गोधडीवर उतरवलं. लहान पोरगीही आपणहून वाट्या आणून देत होती. मी विचारलं, हे काय? पारू म्हणाली, "आत्यांची सवय. पयल्या सुरुंगाला घरातली निम्मी भांडीकुंडी फुटली व्हती. तवापास्नं भोंगा झाला की त्या सगळं खाली घ्यायच्या. शेवटाला उटवत नव्हतं तरी खाटंवरनं बोट दावायच्या, ते ऱ्हायलं, ते घे."

एक मोठं मातीचं मडकं उरलं होतं, झऱ्याच्या पाण्यानं भरलेलं. झरा आता आटत चाललाय, पाणी सांडून चालत नाही. पारूनं ते उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "भाऊसाहेब, धरा जरा. दोनी हातांनी."

मी धरलं. सुरुंग उडाला, जमीन हलली, आढ्यातून धूळ मडक्यातल्या पाण्यावर पडली. ते झाकायला माझा हात मोकळा नव्हता.